नसलेल्या कंपाउंडरचा पत्ता

आमच्या बाबांना लोक वस्ती पाहायला न्यायचे. मुलगा पाहायला मुलीचा मामा जाई, घरदार आणि धानाची बांधी, म्हणजे भातशेती, पाहायला काका जाई, आणि ज्या गल्लीत मुलगी नांदणार ती गल्ली कशी आहे हे पाहायला आमचे बाबा. हे काम त्यांना कोणी नेमून दिलं नव्हतं. भंडारा जिल्ह्यात एसटीत कंडक्टर म्हणून त्यांचा जन्म गेला. बपेऱ्यापासून सानगडीपर्यंत कोणत्या गावचे लोक म्हाताऱ्याला उठून जागा देतात आणि कोणत्या गावचे खिडकीबाहेर बघत बसतात, हे आपल्याला तोंडपाठ आहे, असं ते सांगायचे. एवढ्या भांडवलावर आमच्या टोलीतल्या बऱ्याच मुलींची लग्नं त्यांच्या होकाराने ठरली, काही नकाराने मोडली. टोली म्हणजे गावाच्या टोकाला, नाल्याच्या पलीकडे असलेला आमचा बौद्ध मोहल्ला. एरवी चहात साखर किती टाकायची हेही आईवर सोडणारा हा माणूस, पण वस्ती पाहून आला की ओट्यावर बसून असा काही निकाल द्यायचा की बाकीच्यांनी चपला सावरून निघावं.

त्यांची एक रीत होती. पसंतीच्या आधी एखाद्या दिवशी ते त्या गावी जात, दुसऱ्याच कुठल्या कामाला आल्यासारखे. हातात रिकामी पिशवी. मुलाच्या घराकडे बघायचंसुद्धा नाही. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून पहिल्या दिसेल त्या माणसाला विचारायचं, "काहो भाऊ, इथं एक कंपाउंडर राह्यते म्हणते. साकोलीकडचा. पायानं जरा लंगडते." असा कंपाउंडर कुठेच नव्हता. बाबांनी तो आपल्या मनाने घडवला होता, आणि वर्षानुवर्षं जिल्हाभर त्याला शोधत हिंडत होते. मग काय होतं ते बाबा बघायचे. मान वर न करता कोणी "मालूम नाई" म्हटलं की ती गल्ली बाद. कोणी "तुमी कोन, कोनाकडचे, काय काम हाये?" असं उलट विचारलं तर बरी. आणि जिथे चार जण जमून आपसात वाद घालतील, एखादी बाई घरातून ओरडून सांगेल की तसा एक होता पण वारला, आणि शेवटी कोणीतरी पायात चप्पल सरकवून "चला, दाखवतो" म्हणेल, ती गल्ली पास. परक्या माणसासाठी जिथे कोणी चप्पल घालतं, तिथे पोरगी द्यायला हरकत नाही, असा त्यांचा कायदा होता.

आई त्यांना फार छळायची यावरून. "तुमच्या कंपाउंडरले एखाद दिवस जेवाले तं बलवा," म्हणायची. "कवापासून लंगडून राहिला बिचारा."

एकदा मोहाडीकडची एक गल्ली अगदी वरच्या नंबराने पास झाली आणि मुलीचा नवरा अट्टल दारुडा निघाला. मुलीचा बाप तणतणत आमच्या दारात आला. बाबांनी शांतपणे सांगितलं, "मी वस्ती पाह्यली. नवरा पाहाचं काम तिच्या मामाचं होतं." पण मला हेही आठवतं की त्या मुलीला त्याच गल्लीतल्या बायांनी सांभाळलं, नवऱ्याला त्यांनीच ओट्यावर बसवून दम भरला. बाबा ही गोष्ट आपल्या बाजूचा पुरावा म्हणून सांगत. मला तेव्हा हसू यायचं.

मी लॅब टेक्निशियन झाले. सरकारी दवाखान्यात रक्त काढायचं आणि तपासायचं काम. नोकरीने मला उचललं आणि राज्याच्या दुसऱ्या टोकाला, समुद्रकाठच्या एका शहरात नेऊन टाकलं. शहराचं नाव सांगत नाही, तिथे अजून मला राहायचंय. तलावांच्या जिल्ह्यातलं माणूस मी. पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा पाळ नसलेला तलाव वाटला. पाण्याला कुठेतरी पाळ हवी, बांध हवा, नाहीतर मन ठरत नाही. दवाखान्याजवळ एका खोलीत भाड्याने राहू लागले. लग्न केलं नव्हतं, पुढेही केलं नाही. त्याची कारणं वेगळी आणि इथे कामाची नाहीत.

मावशी मला दवाखान्यातच भेटली. बंदरावर मासे विकणारी, पन्नाशी ओलांडलेली विधवा बाई. साखर तपासायला आली होती. आधीच्या टेक्निशियनने दोनदा सुई टोचून शीर शोधली होती म्हणून ती रागातच बसली. मी एकदाच टोचली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "हात हलका हाय गो तुझा. खयची तू?" मी भंडारा म्हटलं. ते कुठे हे तिला कळलं नाही, मी सांगितल्यावरही कळलं नाही. "मासे खातेस?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. "मग झालं," ती म्हणाली. तेवढीच चौकशी. आडनाव विचारलं नाही, पुढे कधीही विचारलं नाही. रविवारी जेवायला ये म्हणाली आणि मी गेले. मग जातच राहिले.

तिची वस्ती बंदराच्या मागे होती. कोळ्यांची जुनी कौलारू घरं, एकमेकांना खांदा लावून उभी. दारांपुढे जवळा वाळत घातलेला, ओट्यावर कोणी ना कोणी जाळं दुरुस्त करत बसलेलं. बायकांचे आवाज असे की आमच्याकडे तेवढ्या आवाजात भांडणच होतं. इथे त्या आवाजात ख्यालीखुशाली विचारत. दवाखान्यात मी रविवारी कुठे जाते हे कळल्यावर सगळ्यांनी नाकं मुरडली. "तिकडे? अहो मॅडम, ती वस्ती आता बिघडलीय. दारू, मारामाऱ्या. पोलीस व्हॅन उभीच असते." खोटं नव्हतं. खाडीच्या तोंडाशी नवं बंदर झालं तेव्हापासून छोट्या होड्या किनाऱ्यावर पडून होत्या. पोरं परदेशी जहाजांवर, नाहीतर मोठ्या शहरात. काही घरांना कुलूप. बाहेरून आलेले खलाशी बर्फाच्या कारखान्यामागे बसून पीत. खांबावरचे दोन दिवे फुटले ते कोणी बदलले नाहीत. हे सगळं मला दिसत होतं. पण मला हेही दिसत होतं की मी गल्लीच्या तोंडाशी आले की मावशीला आतमध्ये आधीच कळलेलं असे. कोणीतरी ओरडून सांगितलेलं असे, "तुझी रक्तवाली आली गो!"

मावशीचा मुलगा जहाजावर होता, तो परत येणार नव्हता. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी. मावशीच्या घराला वर एक माडी होती, वेगळा जिना, समुद्राकडे दोन खिडक्या. एका रविवारी बांगडे तळता तळता ती म्हणाली, "माडी घे तू. कागद करून देते, रीतसर."

मला वाटलं थट्टा करते. ती थट्टा करत नव्हती. एक गोदामवाला तिच्या मागे लागला होता. त्याला रांगेतली घरं हवी होती, बंदराचा माल ठेवायला. तो नुसता पैसा देणार होता आणि दार लावून घेणार होता. "त्याला दिलं की माझी रांग मेली," ती म्हणाली. "शेजारचे दोघे माझ्याकडे बघून थांबलेत. मी नाय दिलं तर ते नाय देणार. पण मी एकटी बाई किती दिवस नाय नाय म्हणू? वर कोणी राहणारं आलं तर मला जोर येईल. तू नोकरीवाली, सरकारी. तू राहतेस म्हटल्यावर लोक पण जरा बघतील आमच्याकडे."

मी त्या रात्री खोलीवर आले ती हरखून. स्वतःचं घर, दोन खिडक्या, खाली कोणीतरी आपली वाट बघणारं. मला ती माडी हवी होती, एवढं सरळ मला आयुष्यात फार थोडं हवं वाटलंय. पण मी बाबांची मुलगी. टोलीतल्या साऱ्या मुलींच्या वस्त्या ज्यांनी पाहिल्या त्यांनी माझी न पाहता मी घर घ्यायचं, हे मला जमलं नाही. मी फोन केला. बाबा निवृत्त झाले होते आणि घरात कंटाळले होते. दुसऱ्याच आठवड्यात पिशवी घेऊन हजर झाले.

त्यांना घेऊन मी मावशीकडे जाणार होते, तर ते म्हणाले, "तू पुढं जाय. मी मागून येतो, माह्या रीतीनं." मी कपाळाला हात लावला. इतक्या लांबच्या गावात, यांची झाडीबोली कोणाला कळणार? पण ते ऐकेनात.

पुढची गोष्ट मला नंतर दहा तोंडांनी कळली. बाबांनी वस्तीत शिरून जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, साकोलीचा लंगडा कंपाउंडर इथे कुठे राहतो. म्हाताऱ्याने आधी त्यांना सावलीत बसवलं. मग पाणी. मग समोरच्या घरात हाक मारली. समोरच्या बाईने मागच्या घरात हाक मारली. कोणी म्हणालं, जुन्या डॉक्टरकडे एक कंपाउंडर होता. कोणी म्हणालं, तो लंगडत नव्हता, त्याची बायको लंगडायची. यावर दोन बायांचं चांगलंच जुंपलं. शेवटी एका रिक्षावाल्याने बाबांना बसवलं आणि पलीकडच्या आळीतल्या एका निवृत्त कंपाउंडरच्या दारात नेऊन उभं केलं. तो मूळचा सोलापूरकडचा, दोन्ही पाय धडधाकट. तरी त्याला घराबाहेर काढून लोकांनी सांगितलं, "जरा चालून दाखवा." तो बिचारा चालला. लंगडला नाही. मग त्यानेच मनावर घेतलं, सगळ्या दवाखान्यांत विचारून ठेवतो, तुमचा माणूस शोधून काढतो, म्हणाला, आणि बाबांना चहा पाजून परत आणून सोडलं.

संध्याकाळी बाबा मावशीच्या ओट्यावर टेकले तेव्हा त्यांच्या पोटात चार घरचा चहा होता, पिशवीत कोणीतरी घातलेले सुके बोंबील होते, आणि चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला ओशाळेपणा. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं असावं की आपण एका अख्ख्या वस्तीला फसवलं. मावशीने त्यांना पोटभर जेवू घातलं. बाबांनी आमच्या तलावातल्या मासोळीची, झिंग्याची बढाई मारली. मावशीने ती मनावर घेतली नाही. दोघांना एकमेकांचं निम्मं कळत होतं आणि तेवढ्यावर छान चाललं होतं. पुढे कित्येक दिवस त्या गल्लीतून जाताना मला लोक विचारत, "मिळाला का गो तुझ्या बाबांचा कंपाउंडर?"

मला वाटलं, झालं. याहून पास म्हणजे काय असतं?

दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईंनी आग्रह केला म्हणून त्यांच्या सोसायटीतला एक रिकामा फ्लॅट बघायला गेलो. शहराच्या वर, सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, हायवेला लागून नव्या इमारती. बाबांनी तिथेही आपली रीत चालवायची ठरवली. मी बाहेर थांबले, ते गेटपाशी गेले. वॉचमनने विचारलं, "फ्लॅट नंबर?" बाबा म्हणाले, "नंबर नाई मालूम. कंपाउंडर हाये." वॉचमन म्हणाला, "नंबर सांगा नाहीतर बाजूला व्हा." बाबांनी आणखी दोन वाक्यं बोलून पाहिली. वॉचमनने मोबाईल काढला आणि त्यात बघत बसला. आतून एक गाडी आली, काच वर असलेली. गेट उघडलं, मिटलं. बाबा परत आले.

मी हसत विचारलं, "नापास ना?"

बाबा हसले नाहीत. ते गेटकडे वळून बघत होते. बागेतली पाटी, रांगेत लावलेल्या गाड्या, वरच्या गॅलऱ्यांना लावलेल्या जाळ्या. "कोनालेच घुसू देत नाई हे," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होतं.

संध्याकाळी खोलीवर जेवायला बसलो तेव्हा मी विचारलं, "मग कशी वाटली मावशीची वस्ती?"

"फस्क्लास," बाबा म्हणाले. "अशी वस्ती आपल्या जिल्ह्यात मी पाह्यली नाई. खोटं कायले बोलू?"

"मग माडी घेऊ?"

"नाई."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काहून?"

बाबा भात कालवत राहिले. मग म्हणाले, "माह्या बापाचं आयुष्य टोलीत गेलं. माहंही गेलं. तुले शिकवलं कायच्यासाठी? नाल्यापल्याड जाशीन म्हणून. अन् तू येवढा मुलूख ओलांडून पुन्हा टोलीतच घर घेऊन राहिली."

"ती टोली नाही हो बाबा. कोळ्यांची वस्ती आहे."

"शहरातले लोक तिथून जाताना नाकाले रुमाल लावते का नाई?"

"लावतात," मी म्हटलं.

"मंग टोलीच हाये," बाबा म्हणाले. "चांगली असन. आपली बी चांगलीच हाये. पन मले कोनी इचारलं, पोरगीनं घर कुठं घेतलं, तं मी काय सांगू? गेटवाल्या बिल्डिंगीत घेतलं म्हनून सांगाचं हाये मले. एकदा तं सांगू दे."

मी त्यांच्याशी भांडू शकले असते. मी भांडखोर आहे, दवाखान्यात मला सगळे टरकून असतात. पण मला लहानपणी पाहिलेलं एक आठवलं. सुट्टीत मी कधी बाबांबरोबर त्यांच्या गाडीत बसून जायचे. एका गावचा एक माणूस नेहमी चढायचा, पांढरंशुभ्र धोतर, बोलायला अगदी गोड. तो बाबांच्या हातातून तिकीट घ्यायचा नाही. "ठेवा ना तिथं सीटवर," म्हणायचा. बाबा ठेवायचे. सगळ्या गाडीला माहीत होतं आणि कोणी काही बोलायचं नाही. एवढं सोसलेल्या माणसाने आयुष्यात एकदा फुशारकी मारायची इच्छा केली तर मी कोण नाही म्हणणार? असं तेव्हा वाटलं. आज वाटतं, त्यांना मी विचारायला हवं होतं, की बाबा, त्या धोतरवाल्याच्या गल्लीत तुमच्या कंपाउंडरला कोणी शोधलं असतं का? पण अशी बिनतोड वाक्यं वेळेवर कधी सुचत नाहीत.

बाबा गावी परतले. मी मावशीला नाही म्हणायला गेले. ती चिडेल, चार शब्द सुनावेल अशी तयारी करून गेले होते. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "वडील म्हणाले ना? मग बरोबर असेल. मोठं माणूस बघून बोलतं." आणि ताटात एक बांगडा जास्तीचा वाढला. मी तो खाल्ला. मी तिला खरं कारण सांगितलं नाही. तिने पास केलेली परीक्षा तिला नापास म्हणून कळवायची, आणि का ते सांगायचं नाही. माझ्या हातून घडलेल्या गोष्टींत ही मला फार वाईट वाटते.

त्याच वर्षी मावशीने गोदामवाल्याला होकार दिला. शेजारचे दोघे थांबले होते ते मग कशाला थांबतील? घरांच्या समोरच्या भिंती पाडून शटर बसली. एक रांग गेली तशी समोरची जायला फार वेळ लागला नाही. ट्रक येऊ लागले, त्यांच्यासाठी ओटे तोडले. ओटेच नाहीत तर बसणार कोण? जाळं विणणारा म्हातारा मुलाकडे गेला. बायका होत्या तोवर बर्फाच्या कारखान्यामागचे पिणारे जरा दबकून असत. आता ते गल्लीच्या मधोमध बसू लागले. मग खरोखरच एक-दोन वाईट गोष्टी घडल्या, पेपरात आल्या. दवाखान्यातले लोक म्हणाले, "बघा मॅडम, आम्ही सांगत होतो." त्यांना भलता आनंद झाला होता. मला ओरडून सांगावंसं वाटलं की तुम्ही सांगत होता म्हणूनच झालं हे, तुम्ही आणि आम्ही मिळून त्या वस्तीला एकटं पाडलं. पण मी काय तोंडाने बोलणार? मी तेव्हा सड्यावरच्या सोसायटीत राहायला गेले होते.

आता त्या वस्तीत एकट्या बाईने खरंच जाऊ नये. दवाखान्यात नव्या मुली रुजू होतात, खोली शोधत असतात, तेव्हा मीच त्यांना सांगते की बंदराच्या मागे बघू नका. सांगते आणि जीभ चावते. पण सांगते.

सोसायटीबद्दल वाईट बोलायला जागा नाही. पाणी येतं, लिफ्ट चालते, चोरी होत नाही. फ्लॅट घेताना कमिटीच्या एका गृहस्थांनी माझं आडनाव दोनदा वाचलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही नेमक्या कुठल्या?" मी भंडारा म्हटलं. "ते कळलं हो," ते म्हणाले आणि हसले. पुढे काही त्रास दिला नाही. शेजारच्या दारातल्या बाई सणाला फराळाचं ताट देतात, मी दिलेलं मात्र "आमच्याकडे सध्या उपास" म्हणून परत जातं. मी एकदा पडले, पाय मुरगळला, तर चार दिवस मी कामावर जात नाही हे मजल्यावर कोणाला कळलं नाही. कोणाचं काही चुकलं असं नाही. इथे कोणाचं कोणाकडे लक्ष नसतं, आणि त्यासाठीच सगळे इथे राहायला आलेत.

बाबांनी मात्र गावात या गेटचं खूप सांगितलं. आई हसून मला फोनवर सांगायची, आज पुन्हा कोणाला तरी लिफ्टची गोष्ट ऐकवली म्हणून.

मागच्या वर्षी आई गेली. भाऊ नागपूरला, टोलीतल्या घरात बाबा एकटे. मी त्यांना इकडे घेऊन आले. पहिले काही दिवस ते गॅलरीत बसले. मग खाली बागेत बसले. मग वॉचमनजवळ खुर्ची टाकून बसू लागले, तर कमिटीचा निरोप आला की गेटपाशी बसू नये, बरं दिसत नाही. तेव्हापासून ते खाली जात नाहीत. मी संध्याकाळी आले की तोंड उघडतात, दिवसभराचं साचलेलं बोलतात, मी दमलेली असते.

एका रविवारी सकाळी ते नवा सदरा घालून तयार होऊन बसले होते. मला म्हणाले, "थे मासोळीवाली बाई हाये ना अजून? चाल, तिच्याकडं चहा प्याले जाऊ."

मी त्यांना कधी काही कळवलंच नव्हतं. काय कळवणार होते? ती इथे नसते, असं सांगून विषय मिटवता आला असता. पण ते इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुठे तरी जाऊया म्हणाले होते, आणि माझ्या मनात, खरं सांगते, एक दुष्ट माणूस बसलेला होता, त्याला वाटत होतं की यांनी बघावं. मी रिक्षा बोलावली.

गल्लीच्या तोंडाशी उतरलो. रविवार म्हणून शटर बंद होती. डांबरावर तेलाचे डाग, एका ट्रकखाली कोणी झोपलेला. बाबा पुढे चालू लागले, घरं शोधत. मावशीच्या घराला खाली शटर आणि वर माडीच्या दोन्ही खिडक्या विटांनी बुजवलेल्या. ते त्यांनी ओळखलं नाही. मला दाखवावं लागलं.

"अन् बाई?" त्यांनी विचारलं.

"मुलीकडे गेली. तिकडे चौथ्या मजल्यावर राहते. फोन असतो कधी."

"अन् बाकीचे?"

"गेले सगळे."

"कवा गेली ते बाई?"

मी सांगितलं. ते हिशोब करत उभे राहिले, आणि हिशोब लागलेला मला त्यांच्या तोंडावर दिसला. "म्हंजे आपुन नाई म्हटल्यावरच," ते म्हणाले.

इतकी वर्षं मी याच क्षणासाठी एक वाक्य घासूनपुसून ठेवलं होतं. होय बाबा, तुम्ही नाही म्हणालात म्हणूनच. ते तोंडापर्यंत आलं. समोर सत्तरी ओलांडलेला माणूस, नव्या सदऱ्यात, बुजवलेल्या खिडक्यांकडे मान वर करून बघणारा. मी म्हटलं, "तसं काही नाही बाबा. गोदामवाले मोठे लोक. माझ्या एका माडीने काय अडणार होतं? आज ना उद्या वस्ती गेलीच असती."

त्यांनी ऐकून घेतलं. खांद्यावरच्या दुपट्ट्याने चष्मा पुसला, पुन्हा घातला. रिक्षात बसल्यावर माझा हात हातात घेतला, जे त्यांनी मी मोठी झाल्यावर कधी केलं नव्हतं.

"वस्ती गेलीच असती, असन," ते म्हणाले. "पन जाईपर्यंत तं तू घरी राह्यली असती ना, बेटा."